आधी उडी, मग चित्र: पाच मिनिटांचा पिक्सेल गेम शेवटापर्यंत कसा न्यायचा

गेल्या काही उन्हाळ्यांपासून आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या पोरापोरींचे अर्धवट गेम मी बघतो आहे. बहुतेकांची बंडी एकाच जागी फसते. महिनाभर चित्रं काढली जातात. नायक सुरेख उभा राहतो, डोळे मिचकावतो, पण उडी मारली की पडद्याबाहेर निघून जातो. एका मुलीनं रोह्याच्या, म्हणजे नीलगाईच्या, धावण्याची चौदा चित्रं काढली होती, मानेवरची आयाळ वाऱ्यानं हलते इथपर्यंत. तो रोही कुठल्याच गेममध्ये धावला नाही. ते मला फार लागलं, म्हणून कामाचा क्रम एकदा नीट लिहून काढतो आहे.

गेम कोणता? लहान, फुकट खेळता येणारा, उड्या मारत पुढे जायचा, पाच मिनिटांत संपणारा. साधन गोडो, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, कारण ते फुकट आहे, त्याचा परवाना मोकळा आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. उदाहरणासाठी एकच गेम धरून चालू. शेतीपंपाची लाईन रात्रीची आहे. एक मुलगी घरून निघते आणि धुरे (बांध), नाली, विहीर, रोही ओलांडत, वाटेत पऱ्हाटीवरची कापसाची बोंडं वेचत वावरातल्या स्टार्टरपर्यंत पोचते. हिरवं बटण दाबलं की दांडातून पाणी वाहतं आणि गेम संपतो. एवढंच.

## तयारी: लॅपटॉप, डेटा आणि लाईन

चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. गोडोची झिप फाइल शंभर एमबीच्या आत असते. ती उघडून आतली फाइल चालवायची, इन्स्टॉल करायची गरज नाही. आवृत्ती ४.३ किंवा त्यापुढची घ्या. यूट्यूबवरचे जुने धडे तिसऱ्या आवृत्तीचे असतात. त्यातली नावं आता जुळत नाहीत आणि पोरं दोन-दोन दिवस नसलेलं बटण शोधत बसतात.

आता गावातल्या माणसाला नडणारी गोष्ट. गेम तयार झाल्यावर तो बाहेर काढायला 'एक्सपोर्ट टेम्प्लेट' नावाची वेगळी फाइल लागते, आणि ती एक जीबीच्या आसपास असते. रोज दीड-दोन जीबीचा पॅक असेल तर शेवटच्या दिवशी ती उतरवायला बसू नका. पहिल्याच आठवड्यात, रात्री टॉवरवर गर्दी नसताना उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. टेम्प्लेट आणि गोडो दोन्हींची आवृत्ती आकड्याला आकडा जुळली पाहिजे. गोडो बदललं की टेम्प्लेटही नवी.

नवा प्रोजेक्ट उघडताना रेंडरर, म्हणजे चित्र पडद्यावर उमटवायची पद्धत, विचारला जातो. तिथे 'कम्पॅटिबिलिटी' निवडा. बाकीचे दोन पर्याय जुन्या ग्राफिक्सवर अडतात, आणि ब्राउझरमध्ये गेम चालवायचा असेल तर हाच पर्याय लागतो.

फाइलींची नावं इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवा. विंडोज मोठ्या आणि लहान अक्षरात फरक करत नाही, पण बाहेर काढलेला गेम करतो. लॅपटॉपवर छान चाललेला गेम फोनवर काळा पडदा दाखवतो, त्यात हे कारण मी अनेकदा पाहिलं आहे.

सावधान: बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर काम करत असाल तर लाईन जाईल तेव्हा उघडी फाइल जाऊ शकते. माझा एक पूर्ण पडदा असाच गेला. दर अर्ध्या तासानं सेव्ह करा, आणि रोज उठण्याआधी पूर्ण फोल्डरची नक्कल करून तिच्या नावात तारीख टाका. मे महिन्यात टिनाच्या खोलीत दुपारी लॅपटॉप तापून मंदावतो. मग गेम अडखळतो आणि तुम्ही चूक कोडमध्ये शोधत राहता. ते दिवस सकाळी काम करण्याचे.

## टप्पा १: कागदावर पाच पडदे

चौकटीची वही घ्या. आपला पडदा ३२० बाय १८० पिक्सेलचा आणि टाइल, म्हणजे जमीन-भिंती मांडायचा चौकोनी तुकडा, १६ पिक्सेलची ठेवणार आहोत. म्हणजे आडव्या २० चौकटी. उभ्या मात्र पूर्ण ११ बसतात आणि ४ पिक्सेल उरतात. हे उरलेले ४ वर, आकाशाकडे जाऊ द्या. खाली सोडले तर जमिनीखाली एक फट दिसत राहते आणि ती कशी बुजवायची यात संध्याकाळ जाते.

एका पानावर एक पडदा. पाचाच्या वर काढू नका. क्रियाही एकच ठेवा: उडी. भिंतीवर चढणं, दगड मारणं, दोनदा उडणं, हे सगळं पुढच्या गेमला. 'सेलेस्ट' या गाजलेल्या गेमचं पहिलं रूप चार दिवसांत तयार झालं होतं. त्यात तीस पडदे होते, आणि प्रत्येक पडदा कॅमेरा न हलवता एका नजरेत मावणारा होता. आपण त्यातली मावण्याची गोष्ट घ्यायची, तीसचा आकडा नाही.

आमचे पाच पडदे असे आहेत. पहिल्यात अंगण आणि एक धुरा, धोका काहीच नाही. दुसऱ्यात नाली, पडलं तर परत सुरुवातीला. तिसऱ्यात काटेरी कुंपण. चौथ्यात इकडून तिकडे जाणारा रोही. पाचव्यात नाली आणि रोही दोन्ही, मग विहिरीचा काठ आणि स्टार्टर. नवी गोष्ट आधी एकटी दाखवायची, मग जुनीशी जोडायची. पोरांची कायमची चूक म्हणजे पहिल्याच पडद्यावर सगळं ओतणं. खेळणाऱ्याला अजून कोणतं बटण दाबायचं तेच माहीत नसतं आणि अंगावर रोही येतो.

तपासा: वही दुसऱ्याच्या हातात द्या आणि बोट फिरवून रस्ता दाखवायला सांगा. बोट जिथे थांबलं तिथे पडदा बदला. कागदावर हे खोडरबरानं होतं.

## टप्पा २: कोडच्या आधी सेटिंग्ज

प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये एवढं करा:

१. डिस्प्ले, विंडो: रुंदी ३२०, उंची १८०. खाली 'ओव्हरराइड'मध्ये १२८० आणि ७२०, नाहीतर खिडकी काडेपेटीएवढी उघडते.

२. स्ट्रेच मोड 'कॅनव्हास आयटम्स', आस्पेक्ट 'कीप', स्केल मोड 'इंटिजर'.

३. रेंडरिंग, टेक्स्चर्स: डीफॉल्ट फिल्टर 'निअरेस्ट'. हे राहिलं तर सगळी चित्रं धुक्यातल्यासारखी दिसतात. 'माझं चित्र फुटतं' अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा इथेच बघतो.

४. रेंडरिंगच्या टू-डी भागात 'स्नॅप टू-डी ट्रान्सफॉर्म्स टू पिक्सेल' चालू.

पुष्कळ धड्यांमध्ये स्ट्रेच मोड 'व्ह्यूपोर्ट' ठेवायला सांगतात. इंग्रजी अक्षरांपुरतं ते ठीक आहे. मराठीचं वेगळं आहे, ते सातव्या टप्प्यात येतं.

३२० ची चौपट १२८० आणि सहापट १९२०, म्हणून हा आकार सोयीचा. १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर पूर्ण पडदा केला तर कडेनं काळी पट्टी दिसेल. ती दिसू द्या. पट्टी घालवायला 'इंटिजर' काढलं की काही पिक्सेल चार ठिपक्यांचे, काही पाचाचे होतात आणि मुलगी चालताना तिचा चेहरा लहानमोठा होतो.

## टप्पा ३: राखाडी चौकोन आणि त्याची उडी

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा. इथे आठवडा गेला तरी चालेल.

'कॅरेक्टर बॉडी टू-डी' हा नोड घ्या (गोडोमध्ये गेम अशा नोड नावाच्या तुकड्यांतून जोडतात). त्यात १० बाय १५ पिक्सेलचा राखाडी चौकोन आणि टक्कर ओळखणारा 'कोलिजन शेप' ठेवा. शेप लहानमोठा करायचा तर त्याचेच नारिंगी ठिपके ओढा. नोडचं 'स्केल' बदलू नका, टकरी चुकीच्या लागतात.

गोडो तयार स्क्रिप्ट देतं. त्यात चालण्याचा वेग ३००, उडीचा वेग उणे ४०० असतो, आणि प्रोजेक्टचं गुरुत्व ९८०. हे आकडे मोठ्या पडद्यासाठी आहेत. आपल्या ३२० च्या पडद्यावर ३०० वेगाचा नायक एका सेकंदात या टोकाचा त्या टोकाला जातो, आणि उडी साधारण ८२ पिक्सेल, म्हणजे पाच टाइल वर जाते. 'नायक पळून जातो' ही तक्रार इथूनच येते. मग पोरं आकडे अंदाजानं कमी-जास्त करत बसतात. अंदाज नको, हिशोब करा.

आधी ठरवा, उडी किती उंच आणि माथ्यावर पोचायला किती वेळ. मी ४० पिक्सेल आणि ०.४ सेकंद धरतो. गुरुत्व म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग: ८० भागिले ०.१६, उत्तर ५००. उडीचा वेग म्हणजे उंचीची दुप्पट भागिले वेळ: ८० भागिले ०.४, उत्तर २००. गोडोमध्ये वरची दिशा उणे असते, म्हणून उणे २००. चालण्याचा वेग ९०.

आता खाली येताना गुरुत्व दीडपट, म्हणजे ७५० करा. उडी वर जाताना सावकाश आणि उतरताना चटकन असली की बोटांना ती बरी वाटते. दोन्ही बाजूंना सारखं गुरुत्व असलं की मुलगी फुग्यासारखी तरंगते. वर जायला ०.४ आणि खाली यायला साधारण ०.३३, मिळून ०.७३ सेकंद. ९० च्या वेगानं तेवढ्यात ६५ पिक्सेल, म्हणजे जेमतेम चार टाइल. हे आकडे वहीत लिहून ठेवा, पुढच्या टप्प्यात नाल्या यांवरच खणायच्या आहेत.

यानंतर तीन सवलती द्यायच्या. खेळणाऱ्याला त्या दिसत नाहीत, पण नसल्या तर तो गेमला शिव्या घालतो.

पहिली, कडेची सवलत. धुऱ्याच्या कडेवरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी मारू द्यायची. गोडो सेकंदाला ६० वेळा हिशोब करतं, म्हणजे सहा फेऱ्या. माणूस अगदी कडेला जाऊनच बटण दाबतो आणि हमखास जरासा उशिरा दाबतो.

दुसरी, आधीच दाबल्याची सवलत. पाय टेकायच्या ०.१ सेकंद आधी बटण दाबलं तर ते लक्षात ठेवायचं आणि पाय टेकताच उडी द्यायची.

तिसरी, अर्धी उडी. वर जाताना बटण सोडलं की वरचा वेग निम्मा करायचा. एका बटणात लहान आणि मोठी, दोन उड्या मिळतात.

नेहमीच्या चुका: हालचालीचा कोड 'फिजिक्स प्रोसेस'मध्येच हवा, साध्या 'प्रोसेस'मध्ये टाकला तर प्रत्येक लॅपटॉपवर गेम वेगळा वागतो. गुरुत्व वेगात मिळवताना डेल्टानं (दोन फेऱ्यांमधल्या वेळेनं) गुणायचं, पण 'मूव्ह अँड स्लाइड'च्या आधी पूर्ण वेगाला पुन्हा डेल्टानं गुणायचं नाही. ते काम तो आतून करतो. दोनदा गुणलं की चौकोन मुंगीच्या चालीनं सरकतो.

तपासा: रिकाम्या पडद्यावर, एका सपाट पट्टीवर चौकोन घेऊन दोन मिनिटं नुसत्या उड्या मारा. कंटाळा आला तर चित्रांकडे जाऊ नका. राखाडी चौकोनाची उडी कंटाळवाणी असेल तर रंगवलेल्या मुलीचीही तशीच राहील.

## टप्पा ४: टाइल, नाल्या आणि मरण

४.३ पासून 'टाइलमॅप लेयर' हा नोड वापरायचा. जुन्या धड्यांतला 'टाइलमॅप' अजून दिसतो, पण नव्या कामाला तो घेऊ नका. इथला क्रम पाळा: आधी टाइलसेटमध्ये 'फिजिक्स लेयर' जोडा, मग प्रत्येक टाइलवर टक्करीचा आकार रंगवा, मग पडद्यावर टाइल मांडा. मधली पायरी विसरली की मुलगी जमिनीतून सरळ खाली जाते. 'जमीन आहे पण उभं राहता येत नाही' असा निरोप आला की मी दुसरं काही विचारतच नाही.

टाइलही अजून राखाडीच. फक्त धोक्याच्या टाइल लाल करा.

वहीतले आकडे काढा. उडी ४० पिक्सेल, म्हणून चढायचा धुरा दोन टाइलचा, ३२ पिक्सेल. तीन टाइलचा धुरा चढताच येणार नाही, तो भिंत म्हणून वापरा. नाली दोन टाइलची सोपी, तीनची नेहमीची, चारची फक्त शेवटच्या पडद्यावर आणि एकदाच. पाचची नाली कागदावर दिसली तर ती खोडाच.

धोक्याची टक्कर चित्रापेक्षा चारही बाजूंनी दोन पिक्सेल लहान ठेवा. काटा अंगाला न लागता मुलगी मेली तर खेळणारा चिडतो. काट्याला चाटून निसटली तर खूश होतो.

मेल्यावर त्याच पडद्याच्या सुरुवातीला, अर्ध्या सेकंदाच्या आत परत. 'गेम संपला' अशी पाटी नको, जीव मोजणं नको, पहिल्या पडद्यावर पाठवणं तर नकोच. पाच मिनिटांच्या गेममध्ये शिक्षा ठेवली की लोक दुसऱ्या मिनिटाला बंद करतात.

तपासा: पाचही पडदे स्वतः सलग दहा वेळा खेळा. एकदाही अडकून परत सुरू करावं लागलं, तर तो खड्डा शोधून त्यातून बाहेर यायची वाट ठेवा किंवा तो प्राणघातक करा. ज्यातून निघता येत नाही आणि मरताही येत नाही, असा खड्डा राहू देऊ नका.

## टप्पा ५: दुसऱ्याच्या हातात

चित्रं काढायची घाई होत असेल, मला माहीत आहे. तरी थांबा.

गेम आहे तसा राखाडीच एखाद्याला खेळायला द्या. तो आपला जोडीदार नको, ज्यानं हा गेम कधी पाहिला नाही असा हवा. मी लॅपटॉप घेऊन चौकातल्या पानठेल्यावर बसतो. पहिल्या वेळी एक दहावीतला पोट्टा बसला. दुसऱ्या पडद्यावर तो नालीत सात वेळा पडला. मला राहवलं नाही, मी म्हटलं, 'बटण दाबून धर.' त्यानं धरलं आणि पार झाला. मला वाटलं आपण मदत केली. घरी आल्यावर कळलं, मी त्याची सगळी माहिती वाया घालवली होती. लांब उडीला बटण दाबून धरायचं असतं हे माझ्या गेमनं त्याला कुठेच शिकवलं नव्हतं, आणि गेम घरोघर गेला की सांगायला मी सोबत नसणार.

मग मी पहिल्या पडद्यातला धुरा एक टाइलवरून दोन टाइलचा केला. आता तो नुसत्या टिचकीनं पार होत नाही. बटण धरून बघावंच लागतं, आणि तिथे पडलं तरी मरण नाही. पुढचा खेळणारा काही न सांगता नाली ओलांडून गेला.

म्हणून नियम: तोंड बंद, हातात वही. पडद्याचा आकडा आणि मरणांची संख्या एवढंच लिहा. 'कसा वाटला?' विचारू नका. आपल्याकडे लोक तोंडावर 'मस्त आहे' म्हणतात. त्याचे हात काय करतात ते बघा. तीन माणसं एकाच जागी पाचपेक्षा जास्त वेळा मेली तर जागा चुकली आहे, माणसं नाही.

## टप्पा ६: आता चित्रं काढा

इथवर आलात तर गेम तयार आहे, कपडे घालायचे आहेत.

चित्रांसाठी पिक्सेलोरामा आणि लिब्रेस्प्राइट फुकट आहेत. पिस्केल तर ब्राउझरमध्येच चालतं. एसप्राइट विकतचं आहे, चांगलं आहे, पण त्याच्याविना काही अडत नाही.

आधी रंग निवडा, जास्तीत जास्त सोळा. पुढे नवीन रंग घ्यायचा नाही. पहिल्या निन्टेंडो गेम बॉयवर फक्त चार छटा होत्या आणि त्यात लोकांना सगळं ओळखू येत असे. आपला गेम रात्रीचा आणि जमीन काळी, इथे मी स्वतः आपटलो: काळी माती, गडद निळं आकाश, आणि मुलगी त्यात हरवली. मग आकाश थोडं उजळ केलं, मातीच्या वरच्या कडेला फिक्या करड्या रंगाची एकच ओळ दिली, आणि पांढरा रंग फक्त दोन गोष्टींना राखून ठेवला: तिच्या हातातली बॅटरी आणि पऱ्हाटीवरची फुटलेली बोंडं. बोंडं वेचायची आहेत, हे कुणालाही सांगावं लागलं नाही.

मुलगी १६ बाय १६ मध्ये. उभी असताना दोन चित्रं, धावताना चार, उडीला एक. सुरुवातीला एवढंच. आधी तिची नुसती काळी सावली काढा. सावलीवरून मुलगी आणि रोही वेगळे कळले तरच आत रंग भरा. चेहऱ्याला चार-पाच पिक्सेल मिळतात, त्यात नाक काढू नका, वेणी काढा. ती उडीत मागे उडते आणि जीव येतो.

सावधान:

चित्र पीएनजीमध्येच साठवा. जेपीजीमध्ये कडांना घाण रंग चिकटतात आणि पारदर्शक भाग जातो.

मित्राला चित्र व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं, आणि तेच खराब झालेलं चित्र परत गेममध्ये येतं.

ब्रशच्या मऊ कडा बंद ठेवा, पेन्सिलच वापरा. आणि एक चित्र दुप्पट करून, दुसरं मूळ आकारात असं ठेवू नका. मुलीचा पिक्सेल आणि रोह्याचा पिक्सेल एकाच मापाचा हवा. रोही मोठा हवा असेल तर ३२ बाय ३२ मध्ये नव्यानं काढा.

## टप्पा ७: आवाज आणि मराठी अक्षरं

आवाज चार पुरतात: उडी, मरण, बोंड वेचणं, मोटर सुरू होणं. पहिले तीन ब्राउझरमधल्या जेएसएफएक्सआरमध्ये बटणं दाबून तयार होतात. मोटरचा आवाज फोनवर खऱ्या मोटरचा घ्या. आमचा तसाच आहे, आणि शेवटी तो घरघरला की गावातला प्रत्येक माणूस हसतो. संगीत ठेवलं तर ते ओजीजीमध्ये साठवा, डब्ल्यूएव्हीची फाइल कितीतरी जड होते.

अक्षरांची गोष्ट गंभीर आहे, कारण इथे बरेच जण हार मानून इंग्रजी टाकतात. गोडोची चौथी आवृत्ती जोडाक्षरं आणि मात्रा बरोबर जुळवते. अडचण फॉन्टची आहे. तुमच्या लॅपटॉपवर मराठी दिसते, कारण गोडो गुपचूप लॅपटॉपमधला फॉन्ट उसना घेतं. ब्राउझरमध्ये ती सोय नाही, तिथे रिकामे चौकोन येतात. म्हणून 'मुक्त' (Mukta) नावाच्या फॉन्टची किंवा नोटो सान्स देवनागरीची फाइल प्रोजेक्टमध्ये ठेवून तोच फॉन्ट थीममध्ये लावा.

दुसरी अडचण आकाराची. दहा-बारा पिक्सेलच्या उंचीत 'स्टार्टर'सारख्या शब्दांतले रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात. स्ट्रेच मोड 'व्ह्यूपोर्ट' असेल तर अक्षरंही ३२० च्या पडद्यावरच उमटतात आणि मग मोठी होतात, म्हणून वाचता येत नाहीत. 'कॅनव्हास आयटम्स'मध्ये चित्रं ठोकळ्यांचीच राहतात, पण अक्षरं खऱ्या पडद्याच्या बारकाईनं उमटतात. पिक्सेलच्या गेममध्ये गुळगुळीत अक्षरं थोडी वेगळी दिसतात, हे खरं. मला ती चालतात. आजीला वाचता येणं मला जास्त मोलाचं वाटतं.

तपासा: 'स्टार्टर', 'पऱ्हाटी', 'धुऱ्यावर' हे तीन शब्द पडद्यावर टाका आणि हातभर अंतरावरून वाचा.

## टप्पा ८: फोनची बटणं, एक्सपोर्ट आणि अपलोड

गावात हा गेम फोनवरच खेळला जाणार. बटणांना साधा 'बटन' नोड वापरू नका. तो एका वेळी एकाच बोटाचं ऐकतो, म्हणजे धावता धावता उडी मारता येत नाही. 'टच स्क्रीन बटन' घ्या. त्यात 'फक्त टचस्क्रीनवर दाखवा' असा पर्याय आहे, तो लावा म्हणजे लॅपटॉपवर बटणं दिसणार नाहीत. आकार ४० पिक्सेलच्या आसपास, जागा खालचे दोन्ही कोपरे. आणि त्या कोपऱ्यांत काटे किंवा बोंडं ठेवू नका, अंगठ्याखाली काही दिसत नाही.

सुरुवातीला 'सुरू करा' असा एक पडदा हवाच. बोट लागल्याशिवाय ब्राउझर आवाज वाजू देत नाही.

मग हा क्रम:

१. एक्सपोर्टमध्ये 'वेब' निवडा. फाइलचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल, दुसरं काही नाही.

२. तयार झालेल्या सगळ्या फाइली निवडून त्यांची झिप करा. फोल्डरची झिप केली तर इंडेक्स फाइल एक घर आत जाते आणि साइटला ती सापडत नाही.

३. इंडेक्स फाइल दोनदा क्लिक करून उघडू नका, ती तशी चालत नाही आणि तुम्ही उगाच घाबराल. गोडोच्या वरच्या पट्टीतून 'ब्राउझरमध्ये चालवा' हा पर्याय घ्या.

४. इच डॉट आयओवर, म्हणजे गेम चढवायच्या साइटवर, नवा प्रोजेक्ट. प्रकार 'एचटीएमएल', किंमत 'नो पेमेंट्स'. झिप चढवल्यावर 'ही फाइल ब्राउझरमध्ये खेळली जाईल' या अर्थाच्या चौकटीवर खूण करा. ही खूण राहिली की लोकांना गेमऐवजी झिप उतरवायचं बटण दिसतं.

५. खेळाच्या चौकटीचा आकार ९६० बाय ५४०. ही ३२० ची बरोबर तिप्पट आहे आणि लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये मावते. 'मोबाइल फ्रेंडली' चालू, दिशा आडवी.

६. मुखचित्र ६३० बाय ५०० चं, त्यात मुलगी मोठी दिसू द्या. वर्णनाच्या पहिल्या ओळीत मराठीत बटणं सांगा. फॉन्ट किंवा आवाज दुसऱ्याचा असेल तर त्याचं नाव खाली लिहा.

७. पान सुरुवातीला 'ड्राफ्ट' असतं. ते 'पब्लिक' केल्याशिवाय दुवा पाठवू नका, दुसऱ्यांना पान सापडतच नाही.

दुवा पाठवण्याआधी एक शेवटची तपासणी. ज्याच्या फोनवर हा गेम कधी उघडला नाही असा फोन मागून घ्या, वायफाय नाही, गावच्या टॉवरवरचा डेटा. दुवा उघडल्यापासून 'सुरू करा' दिसेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा. इंजिनाचा भाग मोठा असतो, तो तुमच्या हातात नाही, पण पोतं भरल्यासारखं संगीत टाकलं असेल तर ते आता काढा. मग फोन आडवा करून पाचही पडदे खेळा आणि हिरव्या बटणापर्यंत जा. दांडातून पाणी वाहिलं की फोन ज्याचा त्याला द्या, आणि तो स्वतःहून 'सुरू करा' दाबतो का ते बघत थांबा.